एसी घ्या म्हणावं

सापगावात बाळाराम आणि महेंद्र या दोन सख्ख्या भावांचा अबोला होता, आणि तो काही दोन दिवसांचा रुसवा नव्हता, लोणच्यासारखा मुरलेला होता. घर एक, अंगण एक, मधे एक विटेची भिंत, आणि तीन वर्षांत भाऊ भावाशी एक अक्षर बोलला नव्हता. आता बोलत नाहीत म्हणजे भांडत नसतील असं कोणाला वाटत असेल, तर त्यानं एक दिवस त्या अंगणात येऊन बसायचं होतं. सकाळ-संध्याकाळ भांडत होते, फक्त दुसऱ्याच्या तोंडानं.

बाळाराम ओट्यावर बसून बायकोला, कमळाबाईला, ओरडून सांगायचा, "सांग त्याला, तुझ्या मोरीचं पाणी आमच्या बाजूला येतंय." महेंद्र तिथंच उभा. त्याला काय, पलीकडच्या आळीलाही ऐकू गेलेलं. तरी कमळाबाईनं हातातलं काम टाकून उठायचं, अंगण ओलांडायचं आणि म्हणायचं, "भावजी, हे बोलतात, मोरीचं पाणी आमच्या बाजूला येतंय." मग महेंद्र म्हणायचा, "वहिनी, दादाला सांगा, पाण्याला उतार कळतो, भाऊबंदकी नाय कळत." की निघाली कमळाबाई परत. निरोप पोचेपर्यंत काही ऐकलंच नाही असं धरायचं, आणि पोचला की तोच खरा, असा त्या घराचा कायदा झाला होता. महेंद्रची बायको पौर्णिमा पहिल्याच महिन्यात शहाणी झाली. "मी नाय हो ताई ह्यांच्या पोस्टमनकीत," म्हणून तिनं हात झटकले. कमळाबाईला ते जमलं नाही, आणि दोघा भावांची थुंकी तिनं तीन वर्षं इकडून तिकडं वाहिली.

आणि हे सगळं कशावरून? तर एका पडवीवरून. घराच्या रस्त्याकडच्या अंगाला बापानं बैलांसाठी पत्र्याची पडवी घातली होती. बैल गेले, बाप गेला. पुढं बाळाराम ज्या कंपनीत फिटर होता तिला टाळं लागलं. त्या वर्षी हा माणूस भिंतीकडं तोंड करून पडून असायचा. दाढी करायचा नाही, कोणी हाक मारली तर ओ द्यायचा नाही. शेवटी कमळाबाईनंच पडवी झाडली, शेण खरवडून काढलं आणि त्याची पान्यांची पेटी तिथं नेऊन ठेवली. एक दिवस कोणीतरी बंद पडलेली मोटरसायकल ढकलत आणली, आणि बाळाराम उठला. तेव्हापासून ती पडवी म्हणजे गॅरेज. शहापूर-मुरबाड रस्त्यानं जाणारी माणसं त्याला 'मिस्त्री' म्हणून हाक मारायला लागली. तुम्हाआम्हाला तो पत्रा दिसेल. बाळारामला त्या पत्र्याखालीच आपण माणूस आहोत असं वाटायचं, त्याच्या बाहेर नाही.

महेंद्र ठाण्याला कचेरीत. रोजचा पास, रोजची धावपळ, इस्त्रीचा शर्ट. त्यानं एक जुनी मोटारगाडी घेतली आणि म्हणाला, गाडी उन्हात तापते, पडवी दोघांची आहे, अर्धी मोकळी करा. बाळाराम बोलला, "गाडीला छप्पर पायजे तुला, भाऊ उघड्यावर बसला तरी चालंल." महेंद्र बोलला, "दिवसाला एक पंक्चर काढतोस, त्याला गॅरेज म्हणतात काय?" ते शेवटचं समोरासमोरचं बोलणं.

शेवटी किन्हवलीहून धर्मामामा आले. दोघांच्या आईचा भाऊ, विहाराच्या कामात पुढं असणारा माणूस, आणि दोघंही ज्याच्यापुढं मान खाली घालत असा तोच एक उरलेला. मामांनी विचारलं, "बाळाराम, तुझ्या गॅरेजात असं काय हाय की महेंद्रनं आपला हक्क सोडावा?"

बाळारामनं मनात कधीपासून घोळत असलेलं एकदम बोलून टाकलं. "मामा, मी आर्गन चालू करतोय."

आमच्याकडं अॅल्युमिनियमच्या वेल्डिंगला कोणी अॅल्युमिनियमचं वेल्डिंग म्हणत नाही. आर्गन म्हणतात. मोटरसायकलच्या इंजिनाचं कव्हर फुटलं, पंपाची बॉडी तडकली, की 'आर्गन मारून आण'. त्या वायूच्या टाकीचं नाव त्या कामालाच चिकटलं. आणि शहापुरापासून मुरबाडपर्यंत आर्गन मारणारा एक माणूस नव्हता. लोखंडाची गेटं, ग्रिलं जोडणारे पैशाला पासरी, पण अॅल्युमिनियम फुटलं की गाठा कल्याण.

मामांनी मान डोलावली. "मग असं करू. विहाराचा अॅल्युमिनियमचा मोठा टोप टेम्पोतून पडून काठाला चिरलाय. बुद्धपौर्णिमेला त्यात खीर करायची हाय. मी टोप घेऊन येईन त्या दिवशी सगळ्यांसमोर जोडून दाखव. जोडलास तर पडवी तुझी, महेंद्रनं परत नाव काढायचं नाय. नाय जोडलास तर पडवी मोकळी करायची, कुरकुर नाय. एकच डाव." दोघांनी मामांकडं बघून 'हो' म्हटलं. एकमेकांकडं बघितलं नाही.

त्यानंतर आठवडाभरानं महेंद्रनं ठाण्यात एका वर्कशॉपवाल्याला गाठून विचारलं, की घरगुती गॅरेजला अॅल्युमिनियमसाठी कुठली मशीन घ्यावी. का विचारलं, हे त्याचं त्याला माहीत. शहाणपणा मिरवायला असेल, नाहीतर पोटातून आलं असेल. एका माणसाच्या आत दोन्ही सुखानं नांदतात. आल्यावर त्यानं अंगणातून निरोप दिला, "वहिनी, दादाला सांगा, एसी घ्या म्हणावं. एसीशिवाय अॅल्युमिनियम होत नाय."

त्याला म्हणायचा होता एसी करंट. विजेचा एक प्रकार एसी, दुसरा डीसी, आणि अॅल्युमिनियमला लागतो एसी. पण कमळाबाई तव्यावरची भाकरी सोडून आलेली. तिनं आत येऊन सांगितलं, "भावजी बोलतात, एसी घ्या म्हणावं. त्याशिवाय तुमचं ते होत नाय."

बाळाराम नुकताच पत्र्याखालून घामानं निथळत आला होता. त्याच्या डोळ्यांपुढं आला तो गार हवेचा एसी, साहेबाच्या केबिनीत असतो तो. अंगाचा नुसता भडका उडाला. "चिडवतोय मला! मी घाम गाळतो ते दिसतंय त्याला! सांग जाऊन, एसी तुझ्या त्या खटाऱ्यात बसव म्हणावं. ढकलताना गार वाटेल."

कमळाबाईनं जाऊन सांगितलं, शब्दाला शब्द. महेंद्रचं तोंड कडू झालं. "बरं," एवढंच बोलला. "आपण कोणाचं भलं सांगायला जाऊ नये." आणि दार लोटून घेतलं.

बाळाराम कल्याणला गेला तो एकटाच. वेल्डिंगच्या सामानाचं मोठं दुकान, आणि गल्ल्यावरच्या माणसाला बोलायला फुरसत नाही. बाळारामनं छाती काढून सांगितलं, "आर्गनची मशीन दाखवा."

"कौनसी? एसी में या डीसी में?"

बाळारामच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एसी! म्हणजे महेंद्र हे बोलत होता. गार हवा नाही, करंट. मशीनच सांगत होता तो, नाव घेऊन, नीट.

अहो, दुसरा एखादा असता तर तिथल्या तिथं कपाळाला हात लावला असता आणि मुकाट्यानं एसी घेतली असती. पण तीन वर्षं दुसऱ्याच्या तोंडानं भांडलेला माणूस सरळ विचार करायचं विसरतो. बाळारामच्या मनात पहिलं काय आलं? की तो का सांगेल? त्याला पडवी पायजे. मी हरलो तर त्याची गाडी सावलीला. मग तो मला खरं का सांगेल? समोर दोन्ही मशिनी होत्या. एसीची थोराड, दोघांनी उचलायची, बटणांची रांगच्या रांग. डीसीची लहान, हातात धरून नेता येईल अशी. बाळारामला वाटलं, कळला डाव. ही थोराड मशीन घरातल्या मीटरवर चालवली की फ्यूज उडणार, आणि मामांसमोर माझी फजिती.

"दोन्हीत आर्गनच आहे ना?" त्यानं विचारलं.

"हां हां, आर्गन दोनों में है."

इथं त्यानं फक्त 'अॅल्युमिनियम' हा शब्द उच्चारायचा होता. गल्ल्यावरच्या माणसानं हात धरून त्याला थोराड मशीनपुढं उभं केलं असतं. पण आर्गन म्हटलं की अॅल्युमिनियम आलंच, हे आमच्या बाजूला शेंबड्या पोरालाही माहीत. ते कल्याणला माहीत नसेल, हे बाळारामच्या डोक्यात कसं यावं? "डीसी द्या," तो बोलला.

घरी आला तो मिशीत हसतच. चहा घेताना कमळाबाईला म्हणाला, "तो एसी म्हणजे करंट बोलत होता. दुकानात कळलं मला. पण त्यानं सांगितली ती नाय घेतली मी, मुद्दाम दुसरी घेतली. मला पाडायला बघत होता."

"अहो, पण खरं सांगत असले तर?"

"तू गप. तुला काय कळतंय त्यातलं?"

तिनं रिकामे कप उचलले.

वायूची टाकी यायला उशीर झाला. आली ती नेमकी ज्या सकाळी मामा टोप घेऊन यायचे होते त्याच सकाळी. बाळारामनं घाईघाईत जोडणी केली आणि स्टीलच्या दोन पट्ट्या घेऊन बघितल्या. काय सुरेख जुळल्या! ठिणगी नाही, धूर नाही, रेघ अशी की बोट फिरवत बसावं. त्याला रडूच यायचं राहिलं. पट्टी हातात धरून तो त्या पडवीत एकटाच हसला. अॅल्युमिनियमचा तुकडा शोधायला वळला तेवढ्यात रस्त्यावर टेम्पो थांबला. मामा, विहाराची माणसं आणि तो टोप. टोप केवढा, तर आत पोर बसवून आंघोळ घालावी. काठापासून वीतभर चीर गेलेली.

"थांबायचं का जरा?" मामांनी विचारलं.

"कशाला? आणा इकडं," बाळाराम बोलला.

माणसं अर्धं वर्तुळ करून उभी राहिली. महेंद्र आपल्या दारात, हाताची घडी घालून. पौर्णिमा त्याच्यामागं. कमळाबाई पडवीच्या खांबाला टेकलेली. बाळारामनं वेल्डिंगची काच तोंडावर ओढली आणि मशीनच्या नळीची टॉर्च, जिच्या टोकाला जाळ पेटतो ती, चिरेवर धरली.

अॅल्युमिनियम आधी काळं पडलं. मग त्यावर सुरकुत्या आल्या. दूध उकळतं आणि वर साय तशीच राहते ना, तसं झालं. आत धातू वितळलेला दिसतोय, पण वरचा पापुद्रा काही फुटेना, चिरेची एक कड दुसरीला मिळेना. बाळारामनं भर घालायला अॅल्युमिनियमची सळई लावली. तिची गोळी झाली आणि घरंगळली. त्यानं करंट वाढवला. परत काळं, परत गोळी. घाम त्याच्या नाकावरून काचेवर उतरला. मागून कोणीतरी खाकरलं. त्यानं दात खाऊन आणखी करंट वाढवला, आणि भसकन काठाचा तुकडाच खाली गळून पडला. चीर होती तिथं आता मूठ जाईल एवढं भोक.

बाळारामनं काच वर केली. विहाराचा टोप, साऱ्या समाजाच्या जेवणाचा, आणि त्याला बाळारामनं भोक पाडलं. त्याला वाटलं, आता इथंच जमीन फाटावी. पडवी गेली. उद्यापासून परत ती भिंत आणि तो.

महेंद्र दारातून पुढं आला. मशीनकडं वाकून बघितलं आणि सरळ झाला. "ही डीसी हाय. वहिनी, मी एसी सांगितली होती ना तुमाला?"

आता बघा माणूस कसा पडतो ते. बाळारामला सगळं माहीत होतं. निरोप पोचला होता, उलगडला होता, आणि आपण तो जाणूनबुजून लाथाडला होता. पण सगळ्यांच्या नजरा कमळाबाईकडं वळलेल्या त्याला दिसल्या, आणि त्याला वाट सापडली. तो मामांना बोलला, "हिनं धड सांगितलंच नाय, मामा. गार हवेचा एसी समजून मोकळी झाली. बाईमाणसाच्या हाती निरोप दिल्यावर आणखी काय व्हायचं?"

माणसं हसली. टोपाला भोक पडल्याचा ताण होता, तो त्या हसण्यात सैल झाला. कमळाबाईच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो टॉर्चची नळी गुंडाळत होता, मान वर न करता.

मामा म्हणाले, "कोणाच्या चुकीनं झालं ते झालं. बोलणं ठरलेलं. पडवी मोकळी कर, बाळाराम."

आणि इथं महेंद्र बोलला. दुसरा कोणी बोलला नसता, तोही एरवी बोलला नसता. "मामा, मशीन चुकली. अशा मशीनवर कोणाचाच हात चालला नसता. वहिनी, दादाला विचारा, बदलून आणतो का? आणत असंल तर मी थांबतो."

बाळारामला ते चाबकासारखं लागलं. हरणं परवडलं, पण ह्याच्या दयेवर जिंकणं? मामांच्या कानावर जाऊ नये म्हणून त्यानं आवाज खाली घेतला. तो कमळाबाईच्या कानाशी घोगरं बोलला, "सांग त्याला, भीक नको तुझी. घे पडवी, घाल तुझी गाडी, म्हणावं."

कमळाबाई निघाली. तीन वर्षं निघायची तशीच, पदर खोचून, अंगण ओलांडून. महेंद्रपुढं जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "भावजी, हे बोलतात, चूक त्यांची हाय."

बाळारामनं मान वर केली.

"हे बोलतात, तुमचा निरोप बरोबर पोचला होता. दुकानात गेल्यावर त्यांना कळलं बी होतं की तुमी करंटाचं सांगितलंत. पण तुमी सांगितलं म्हणून मुद्दाम दुसरी घेतली. तुमी त्यांना पाडायला बघताय असं वाटलं त्यांना. हे बोलतात, हिची काय चूक नाय. उगाच चारचौघांत तिला बोललो." तिचा आवाज इथं जरा हलला. "आणि हे बोलतात, मशीन बदलून आणतो. टोप बुद्धपौर्णिमेच्या आत जोडून देतो. तुमी बी चला दुकानात, तुमाला त्यातलं समजतं."

"कमळे!" बाळाराम ओरडला.

ती वळली. "काय? खोटं बोलले काय मी? सांगा ना, खोटं हाय म्हणून. मामा हायत, विहाराची माणसं हायत. बोला."

बाळारामला तिचा इतका राग आला की महेंद्रचाही कधी आला नव्हता. पण खोटं म्हणायला एक शब्द सापडेना. त्यानं दिलेला निरोप तिनं पोचवला नव्हता, आणि पोचवलं त्यातलं मशीनचं सगळं त्यानंच चहा घेताना तिला सांगितलेलं होतं. 'मी असं बोललो नाय' म्हणावं, तर मग काय बोललास म्हणून मामा विचारणार, आणि पडवी घेऊन टाक, हे आता स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागणार. ते त्याच्यानं होईना. तो उभ्या जागी लाजेनं पाणी पाणी झाला.

"बरं तर," मामा म्हणाले. "टोप इथंच ठेवतो. बुद्धपौर्णिमेच्या आत जोडून दे, पडवी तुझी. महेंद्र, तुझं काय?"

"माझं हो हाय," महेंद्र बोलला. मग सवयीनं वळला. "वहिनी, दादाला सांगा, सकाळी तयार राहायला..."

"मी नाय सांगत," कमळाबाई बोलली. "ह्यापुढं एक निरोप नाय. तो बघा उभा हाय तुमचा भाऊ. त्याला तोंड हाय, तुमाला हाय." आणि ती घरात निघून गेली.

मामांचा टेम्पो गेला. माणसं पांगली. अंगणात दोघंच राहिले, मधे भोक पडलेला टोप. कमळाबाईनं आत चुलीवर चहा ठेवला, आणि मन घट्ट करून दाराकडं पाठ केली. चहाला उकळी आली. मग बाळारामचा आवाज आला, चिडका, घोगरा.

"ती एसीची थोराड हाय. दोघांना उचलावी लागंल."

"मग टेम्पो सांग ना. माझ्या गाडीत नाय मावायची."

"त्या खटाऱ्यात कोण घालतोय?"

"खटारा? अन् टोपाला भगदाड कोणी पाडलं?"

"तू नीट करंट म्हणायचं होतंस! नुसता एसी एसी काय?"

"तू येऊन विचारायचं होतंस! दाराला काय कुलूप होतं माझ्या?"

भांडण चढत गेलं. भिंतीपलीकडून पौर्णिमा बाहेर येऊन बघून गेली. कमळाबाईनं चहा गाळला आणि एकटीच प्यायला बसली. कप रिकामा झाला तरी बाहेर दोघं भांडतच होते, आणि कोणी तिला हाक मारली नाही.